मेटल बँडवरची डॉक्युमेंटरी खळ्यात लावून लोकांकडून खरं मत कसं काढायचं

आधी एक कबुली देतो. पहिल्यांदा मी हा प्रकार केला तेव्हा पार आपटलो होतो. मे महिन्यात मुंबईवरून चार मित्र आलेले, सगळे जुने मेटलवाले, म्हणजे हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताचे फॅन, पोटं सुटलेली पण टीशर्ट तेच काळे, मी म्हटलं चला आपल्या खळ्यात चादर बांधू आणि मेटॅलिका बँडवरची ती 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' लावू, घरचे पण बसतील, वाडीतले चारजण येतील, मग सगळ्यांना विचारू कसं वाटलं. झालं काय, तर पिक्चर जवळजवळ दोन तास वीस मिनिटांचा, अर्ध्यात वाडी उठून गेली, आज्जी खुर्चीतच झोपली, आणि उरलेले चार फॅन त्यांच्या 'सेंट अँगर' अल्बममधल्या स्नेअर ड्रमचा आवाज डब्यासारखा आहे की मुद्दाम तसा ठेवलाय यावर रात्री साडेबारापर्यंत भांडले. मत म्हणावं असं एक सोडून मिळालं नाही. म्हणजे बोलले भरपूर, पण सगळे बँडबद्दल बोलले, पिक्चरबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

त्यानंतर तीन-चार वेळा केलं, दर वेळी काहीतरी शिकलो, ते सगळं इथे लिहितोय. कुडाळ, मालवण, देवगड, खाली सावंतवाडीपर्यंत कुठेही चालेल असं आहे, वर रत्नागिरीकडे पण चालेल, फक्त तिकडे खळ्याला अंगण म्हणा.

पिक्चर कुठला लावायचा इथपासून सुरू करू, कारण निम्मं काम तिथेच होतं किंवा बिघडतं. घरात, मित्रमंडळीत, तिकीट न लावता बघताय असं धरून चाललोय, आणि कॉपी पैसे देऊन घेतलेली असूदे. देवळासमोर मंडप घालून जाहीर शो करायचा असेल तर हक्क ज्यांचे आहेत त्यांची परवानगी लागते, त्या भानगडीत मी पडलो नाही.

माझं साधं गणित असं. आपल्याकडे मे महिन्यात सात वाजता सूर्य बुडतो, चादरीवर चित्र नीट दिसायला पावणेआठ होतात. आणि रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून, रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणजे हातात सव्वादोन तास. त्यात पिक्चर पण बसला पाहिजे आणि गप्पा पण. मेटॅलिकावाला इथेच बाद. 'अँव्हिल! द स्टोरी ऑफ अँव्हिल' नावाची २००८ ची डॉक्युमेंटरी आहे, ती साधारण ऐंशी मिनिटांची, सव्वानऊच्या आत संपते, मग पाऊण तास बोलायला. नवीन माणसाने डोळे झाकून हीच लावावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अँव्हिल हा कॅनडातला, टोरांटोचा बँड. लिप्स म्हणून ओळखला जाणारा स्टीव्ह कडलो गातो आणि गिटार वाजवतो, रॉब रायनर ड्रम. दोघं पोरवयापासूनचे दोस्त. १९८४ ला जपानमध्ये 'सुपर रॉक' फेस्टिवलला ते स्कॉर्पियन्स, व्हाइटस्नेक आणि बॉन जोव्ही यांच्यासोबत स्टेजवर होते. बाकीच्या तिघांचे रेकॉर्ड लाखांनी खपले आणि हे मागे राहिले. लार्स उलरिक, स्लॅश, लेमी, असली रॉक-मेटलमधली बडी मंडळी कॅमेऱ्यासमोर येऊन यांच्याबद्दल बोलतात, आणि पुढच्याच सीनला लिप्स टोरांटोत शाळांना जेवणाचे डबे पोचवणाऱ्या गाडीवर कामाला. पन्नाशीला आलेला माणूस. आणि तरी बँड चालू आहे, तेरावा अल्बम काढायचाय. शेवट मी सांगणार नाही, तुम्ही पण लोकांना सांगू नका, आमच्या एका भावोजींनी चहाच्या वेळीच सांगून टाकला आणि सगळ्या संध्याकाळचं वाटोळं केलं.

हो, एक सावधगिरी. सुरुवातीच्या जुन्या फुटेजमध्ये लिप्स गिटार वाजवायला एक अशी वस्तू वापरतो की ती काय आहे हे काकीला समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येऊ नये. तेवढ्यात चहा फिरवा. शिव्या पण आहेत, पण शिव्यांना मालवणी माणूस दचकत नाही.

दुसरे पर्याय पटकन सांगतो. आयर्न मेडनची 'फ्लाइट ६६६' फक्त फॅन जमणार असतील तर, कारण तिची सुरुवातच आपल्या मुंबईत होते, १ फेब्रुवारी २००८ चा बीकेसीचा शो, आणि बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवत सगळ्यांना घेऊन फिरतो, याच्याइतकी भारी गोष्ट मेटलमध्ये दुसरी नाही. आमच्यातला एकजण त्या शोला गेलेला, तो म्हणतो मी गर्दीत दिसतो, आम्ही अकरा वेळा पॉज केलं, दिसला नाही. पण खरं सांगू का, मला ती डॉक्युमेंटरी लग्नाच्या कॅसेटसारखी वाटते. ज्यांच्या घरचं लग्न ते चार वेळा बघतील, बाकीचे जेवण कधी आहे विचारतील. बगदादच्या बँडवरची 'हेवी मेटल इन बगदाद' पण चांगली, पण ती बघून लोक युद्धावर बोलतात आणि मग टीव्हीवरच्या बातम्यांवर येतात, संपलं.

आता सामान. प्रोजेक्टर कुडाळ-कणकवलीला भाड्याने मिळतो, पण मे महिना म्हणजे लग्नसराई, आठ दिवस आधी सांगून ठेवा. पांढरी डबल बेडची चादर इस्त्री करून, वरखाली काठी घालून ताणून बांधायची, नुसती दोरीवर टाकली तर वाऱ्याने लिप्सचं तोंड वाकडं होतं. लाईट जाणार हे धरूनच चाला. लॅपटॉप बॅटरीवर चालेल पण प्रोजेक्टर चालणार नाही, म्हणून इन्व्हर्टरची वायर आधीच बाहेर काढून ठेवा. पिक्चर नेटवरून लावायचा विचार पण करू नका, आमच्याकडे रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिल्यावर येते.

आवाजाबद्दल मात्र नीट ऐका. भजन मंडळाचा ॲम्प्लिफायर सहज मिळतो, पण त्याला भोंगा जोडू नका, भोंग्यातून मेटल म्हणजे कोणीतरी पत्रा ओढत नेतंय असं वाटतं आणि मग लोकांचं मत बँडबद्दल नाही, भोंग्याबद्दल तयार होतं. साधे दोन बॉक्स स्पीकर घ्या. आणि फॅन लोक येऊन बास वाढवतील, वाढवू देऊ नका, कारण डॉक्युमेंटरीत गाणी थोडी आणि बोलणं जास्त, बास वाढला की बोलणं गुरगुरल्यासारखं होतं, आधीच इंग्लिश, त्यात कॅनडाचं.

भाषेचं काय करायचं हा मोठा प्रश्न. सबटायटल्स लावा, पण वाडीतल्या निम्म्या लोकांना चष्मा लागतो आणि चष्मा घरी असतो. मी सुरुवातीला चालू पिक्चरमध्ये सगळं भाषांतर करत होतो, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं, शेवटी आज्जीच म्हणाली, ''तू गप रव, माका तेचा तोंड बघून कळता.'' तेव्हापासून मी दशावतारातल्या नाईकासारखं करतो. सुरुवातीला पाच मिनिटं कोण कोणाचा कोण ते मालवणीत सांगून टाकायचं, मग मध्ये फक्त चार-पाच ठिकाणी पॉज करून दोन वाक्यं, बास. कुठे थांबायचं ते आदल्या दिवशी स्वतः बघून कागदावर वेळ लिहून ठेवायची. अँव्हिलमध्ये मी थांबतो ते म्हणजे युरोपच्या टूरमध्ये प्रागच्या क्लबवाल्याशी पैशांवरून वाजतं तिथे, मग ट्रान्सिल्व्हेनियाच्या शोला, जिथे दहा हजार माणसं मावतील एवढी जागा आणि आले १७४, आणि लिप्सची बहीण अल्बमसाठी पैसे उसने देते तिथे. आकडे आपल्याकडच्या मापात सांगायचे. १७४ म्हणजे आपली एक एसटी भरून उभ्याने आणि दुसरी पण उभ्याने, आणि तेवढीच माणसं अख्ख्या जत्रेच्या मैदानात. लगेच कळतं.

कोणाला बोलवायचं? इथे सगळे चुकतात. फक्त फॅन बोलावले तर मत मिळत नाही, घोषणा मिळतात. फॅनचं मत पिक्चर बघायच्या आधीच तयार असतं, तो ते डब्यात घालून घरून घेऊन येतो. मी आता तीन फॅनला सहा-सात बिनफॅन असं प्रमाण धरतो. आणि बिनफॅनमध्ये एकजण तरी असा हवा की ज्याने स्वतः काहीतरी वाजवलंय किंवा स्टेजवर उभा राहिलाय. आमच्या वाडीत एक तात्या आहेत, दशावताराच्या कंपनीत पेटी वाजवायचे, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्यांना बोलावलं तेव्हा माझा चुलतभाव हसला होता, स्लेयर बँडचा टीशर्ट घालून. त्याचं हसू पुढे गेलं कुठे ते येतंच आहे.

पिक्चर सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला कागदाचा चिठोरा द्या, एकच प्रश्न, हा बँड किंवा हे असलं संगीत म्हटलं की तुला काय वाटतं, एका ओळीत लिही. ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांचं तुम्ही लिहा. आमच्याकडे आलेल्या ओळी म्हणजे ''डोकी फिरलेली माणसां'', ''केस कित्याक वाढवतत'', ''सैतानाची गाणी'', आणि चुलतभावाची इंग्लिशमध्ये, अँव्हिल ओव्हररेटेड आहे म्हणून. ही चिठोरी डब्यात टाका आणि विसरा. नंतर लागतील.

पिक्चर चालू असताना तुम्ही पडद्याकडे बघू नका, लोकांकडे बघा. तुमचा तर आदल्या दिवशी बघून झालाय. कोण कधी मोबाईल काढतो, कोण कधी पुढे सरकून बसतो, ते वहीत वेळेसकट लिहा. नंतर माणूस म्हणतो मला अख्खा आवडला, पण तुमच्या वहीत असतं की पंचविसाव्या मिनिटाला साहेब बाहेर विडी ओढत होते. मला सगळ्यात खरी मतं अशीच मिळालीत. अँव्हिल लावला त्या रात्री लिप्स आणि रॉब स्टुडिओत भांडतात आणि मग लिप्स रडायला लागतो, तेव्हा आमच्या खळ्यात आवाज फक्त रातकिड्यांचा होता, आणि माझ्या शेजारी बसलेले दोन सख्खे भाऊ, ज्यांचं काजूच्या बागेवरून तीन वर्षं बोलणं बंद आहे, ते दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांना बघत होते. हे मत कोणी तोंडाने देणार आहे का?

संपल्यावर लगेच ''काय, कसं वाटलं?'' असं विचारू नका, हा मेला प्रश्नच टाकून द्या. याला कोकणात एकच उत्तर आहे, ''बरा होता.'' लग्न बरा होता, भजन बरा होता, मयत पण बरा झाला. दहा मिनिटं चहा, कांदाभजी, कोणी मेटलवर बोलायचं नाही. मग गोल बसायचं आणि सुरुवात अशा माणसापासून करायची ज्याला मेटलमधलं सगळ्यात कमी कळतं. फॅन सगळ्यात शेवटी. हा नियम मोडला की संपलं, कारण फॅन एकदा बोलला की बाकीच्यांना वाटतं आपल्याला काय कळतंय, आणि गप्प बसतात. चुलतभाव तीन वेळा मध्ये घुसायला बघत होता, मी त्याला भजी तळायला पाठवला.

प्रश्न असे विचारा की ज्याला हो-नाही म्हणता येणार नाही. कुठल्या सीनला तुला उठून जावंसं वाटलं. तू लिप्सची बायको असतीस तर काय केलं असतंस. हे पैसे तू उसने दिले असतेस का. बहिणीच्या पैशावर आमच्याकडे वीस मिनिटं गेली, काकी म्हणाली, ''मी दिले असतंय, पण कागद करून,'' आणि तिचा नवरा म्हणाला बघा, मला कधी दिले नाहीस. हे पिक्चरबद्दलचं मत आहे बरं का, पक्कं मत आहे, कारण पिक्चरने तो प्रश्न त्यांच्या घरात नेऊन ठेवला.

तात्यांची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ''रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. हो तर आमचोच मनशो.'' आता ही म्हण आमच्याकडे पोराटोरांना पण माहीत आहे, दशावतारी नट रात्रभर देवळासमोर राजा होऊन तलवार फिरवणार आणि पहाटे तोंडावरचा रंग पुसून सामानाचं ओझं डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या जत्रेला चालत निघणार. पण ती टोरांटोच्या डब्याच्या गाडीला लागेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि मी हा पिक्चर सहा वेळा बघितलेला. त्यांनी पुढे विचारलं की त्या पेटीवाल्याचं, म्हणजे बास वाजवणाऱ्याचं, कोणीच काही का दाखवलं नाही, सगळं त्या दोघांवरच का. बरोबर ना! इंटरनेटवर कुठल्या फॅनला मी हे विचारताना बघितलं नाही, आम्हाला लिप्स आणि रॉब दिसले की पुरे. चुलतभाव झाऱ्या हातात घेऊन दारात उभा होता, गप्प.

लिहून घेताना जसं बोलले तसं लिहा. मालवणी असेल तर मालवणी. मी पहिल्यांदा सगळं शुद्ध मराठीत करून लिहिलं, ''सदर कलाकाराची जिद्द भावली'' असलं काहीतरी, दुसऱ्या दिवशी वाचलं तर वाटलं ग्रामपंचायतीचा ठराव आहे.

वहीचं पान तीन भागात विभागायचं, ही माझी सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती. एका भागात बँडबद्दल जे बोलले ते, एकात पिक्चरबद्दल, आणि तिसऱ्यात बोलणारा स्वतःबद्दल जे बोलून गेला ते. ''गाणी सगळी एकसारखीच'' पहिल्यात. ''बास वाजवणारा कुठाय'' दुसऱ्यात. ''कागद करून दिले असतंय'' तिसऱ्यात. फॅन लोकांचा दुसरा रकाना जवळजवळ रिकामा राहतो, बघा करून. चुलतभावाने शेवटी सात मिनिटं भाषण दिलं, रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, कशी, १९८२ चा 'मेटल ऑन मेटल' अल्बम कसा, थ्रॅशवाल्यांनी, म्हणजे जलद मेटल वाजवणाऱ्यांनी, यांचं काय काय उचललं, सगळं खरं आणि सगळं पहिल्या रकान्यात. मग मी त्याला विचारलं, बँड एवढा ओव्हररेटेड आहे तर शेवटच्या दहा मिनिटांत तू भजी सोडून का आलास बाहेर. तेव्हा कुठे त्याचं दुसऱ्या रकान्यात एक वाक्य आलं.

आता सगळ्यांचं बोलून झालं की एक शेवटचा डाव टाका. डॉक्युमेंटरी कोणी बनवली ते तोपर्यंत सांगायचं नाही. मग सांगा की दिग्दर्शक साशा गर्व्हासी हा पोरवयात याच बँडचा फॅन होता, त्यांच्याबरोबर टूरवर सामान उचलायला गेलेला माणूस आहे. आणि मग परत विचारा, आता काय वाटतं? आमच्यातले दोघं लगेच फिरले, म्हणाले मग तर तो चांगलंच दाखवणार. काकी उलट म्हणाली की म्हणूनच त्याला रडताना शूट करू दिलं, परक्यासमोर कोण रडतं. मला काकीचं पटतं, पण ते दोघं पण चूक नाहीत. मेटॅलिकावाल्या पिक्चरलाही हे विचारता येतं, तिथे तर भांडणं मिटवायला बँडने फिल टाऊल नावाचा माणूस महिन्याला चाळीस हजार डॉलर देऊन ठेवलेला, आणि पिक्चरचा खर्चही पुढे बँडनेच उचलला. हे ऐकून आमच्या बापूंनी विचारलेलं, ''चाळीस हजार डॉलर? आमचो तंटामुक्तीचो अध्यक्ष फुकट करता आणि वर शिये खाता.'' तेवढं एकच मत त्या पहिल्या फसलेल्या रात्रीचं वहीत आहे.

एक ठरलेला वाद येणारच, त्याची तयारी ठेवा. कोणीतरी म्हणेल हे सगळं खोटं आहे, नाटक आहे. याला कारण आहे. १९८४ ला एका काल्पनिक मेटल बँडवर खोटी डॉक्युमेंटरी निघालेली, 'धिस इज स्पायनल टॅप', तिच्या दिग्दर्शकाचं नाव रॉब रायनर, आणि अँव्हिलच्या ड्रमरचं नाव पण रॉब रायनर, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. योगायोग आहे, पण ज्याला हे अर्धवट माहीत असतं तो मोबाईल नाचवत उभा राहतो. त्याला सांगा बँड खरा आहे, पिक्चर आल्यावर त्यांना एसी/डीसी या बड्या बँडच्या आधी वाजवायची संधी पण मिळाली, आणि पुढे चला.

दहाला स्पीकर बंद, पावणेअकराला लोक घरी. पण वही मिटू नका. आमची माणसं चारचौघांत अर्धंच बोलतात, उरलेलं अर्धं घरी जाताना बॅटरीच्या उजेडात बोलतात, आणि ते ऐकायला तुम्ही तिथे नसता. म्हणून सकाळी प्रत्येकाला एक व्हॉइस मेसेज टाका, रात्री झोपताना काय आठवलं एवढंच विचारा. डब्यातली चिठोरी पण तेव्हाच परत करा, फोटो काढून पाठवा, तू आधी हे लिहिलेलंस म्हणून. ''सैतानाची गाणी'' लिहिणाऱ्या काकांचं उत्तर आलं, ''गाणी सैतानाचीच, माणसां बरी.'' दोन भावांपैकी धाकट्याचा मेसेज बत्तीस सेकंदांचा आला, त्यात तो फक्त खोकतो आणि म्हणतो, ''बघूया.''

आणि आठ दिवस तरी थांबा, काही मतं उशिरा पिकतात. परवा मी एसटी स्टँडवर उभा, काकी बाजाराची पिशवी घेऊन आली, ना हाय ना हॅलो, डायरेक्ट विचारलं, ''तेना त्या बहिणीचे पैशे परत दिल्यान काय रे?'' गाडी आलेली, ती चढून बसली, खिडकीतून परत विचारलं. तिसऱ्या रकान्यात जागा उरली नव्हती, मी ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.